हिशेब चोख, पण कुणाचा? – ‘द आर्मचेअर इकॉनॉमिस्ट’ वाचताना



मागचं व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, राग मानू नका, पण तुम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना काहीही विचारलं की उत्तर एकच – ‘ते कशाकशावर अवलंबून आहे’. अर्थशास्त्रवाले निदान उत्तर देऊन मोकळे होतात.” आणि त्याने पिशवीतून एक पुस्तक काढून आमच्या हातात ठेवलं. स्टीव्हन लँड्सबर्ग यांचं ‘द आर्मचेअर इकॉनॉमिस्ट’. १९९३ साली निघालेलं. आम्ही ते दोनदा वाचलं, पहिल्यांदा मजा घेत आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात धरून. आज त्या पुस्तकाबद्दल, आणि त्यातून दिसणाऱ्या एका विचारपद्धतीबद्दल बोलू.

लँड्सबर्ग मूळचे गणिती. डॉक्टरेट गणितातली, अध्यापन रॉचेस्टर विद्यापीठात अर्थशास्त्राचं. आरामखुर्चीत बसून, फारशी आकडेवारी न घेता, निव्वळ तर्काच्या जोरावर रोजचे प्रश्न सोडवायचे, हा पुस्तकाचा बेत. त्यांचं मुख्य सूत्र अगदी साधं आहे : लाभ-तोटा बदलला की माणसाचं वागणं बदलतं. बाकी सगळा या सूत्राचा विस्तार.

आधी कौतुक करू, कारण ते खरंच करायला हवं. सिनेमागृहात मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, इतके महाग का? आपण लगेच सांगतो, “आत गेल्यावर दुसरं दुकानच नाही, मग तो लुटणारच.” लँड्सबर्ग विचारतात, आत स्वच्छतागृहही एकाच मालकाचं असतं, मग तिथे तो पैसे का घेत नाही? घेतले, तर प्रेक्षकाच्या लेखी तिकिटाची किंमत तेवढी कमी होईल आणि मालकाला तिकीट उतरवावं लागेल. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखंच ते. म्हणजे ‘आत दुसरं दुकान नाही’ एवढ्याने महाग पॉपकॉर्नचा उलगडा होत नाही. मग कशाने होतो? प्रेक्षक सगळे सारखे नसतात, याने. काही जण जास्त पैसे टाकायला तयार असतात आणि खातातही तेच. सगळ्यांचं तिकीट वाढवलं तर काटकसरी माणूस घरी बसेल. त्यापेक्षा हौशी माणसाकडून पॉपकॉर्नमधून घ्यावे.

आता हे आपल्याकडे लावून बघा. २०१८ साली महाराष्ट्रात मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ द्यावेत का, यावर केवढं रान उठलं होतं. आंदोलनं झाली, न्यायालयात प्रकरण गेलं. पुढे २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात म्हटलं की बाहेरचे पदार्थ रोखण्याचा अधिकार मालकाला आहे. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र त्याने फुकट द्यावं. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला : पॉपकॉर्न स्वस्त झाले तर तिकिटाचं काय होईल? ते वाढलं, तर जो पॉपकॉर्न खातच नाही, घरूनच जेवून येतो, त्याच्या खिशातून पैसे जातील. म्हणजे ज्याच्या नावाने लढा, नेमका तोच भरणार. हे असंच घडेल असं आम्ही म्हणत नाही, पण हा प्रश्न न विचारता घोषणा देणं बरं नव्हे. ही सवय लँड्सबर्ग लावतात आणि ती मोलाची आहे.

आपल्याला या सवयीची गरज नाही असं कुणी म्हणू नये. आपण अनलिमिटेड थाळी घेतो. पोट भरतं, तरी ‘पैसे वसूल’ व्हावेत म्हणून आणखी दोन गुलाबजाम दडपतो. पैसे तर बसताच गेले. ते काही गुलाबजामाबरोबर परत येत नाहीत. आता प्रश्न फक्त एवढाच उरतो की पुढच्या गुलाबजामाने सुख वाढेल की दुपार बिघडेल. नाटक रटाळ निघालं तरी तिकीट काढलंय म्हणून आपण तिसऱ्या अंकापर्यंत बसतो, आणि अर्धवट राहिलेल्या सरकारी योजनेत ‘आतापर्यंत एवढे कोटी गेले’ म्हणून आणखी कोटी ओततो. चूक तीच, फक्त शून्यं वाढली. तेव्हा पुस्तकाचं ऋण मान्य. आता पेन्सिलीच्या खुणांकडे वळू.

पहिली खूण पहिल्याच प्रकरणावर आहे. सीटबेल्टमुळे माणसं मरतात, असा त्याचा चमकदार दावा. आधार आहे सॅम पेल्ट्झमन यांच्या १९७५च्या अभ्यासाचा. अमेरिकेत मोटारींत सुरक्षेची साधनं सक्तीची झाली. त्यांनी चालक वाचायला हवे होते. पण सुरक्षित वाटू लागल्यावर चालक अधिक बेफिकीर झाले, अपघात वाढले, पादचाऱ्यांना फटका बसला आणि मिळालेला फायदा जवळपास धुऊन निघाला, असा पेल्ट्झमन यांचा निष्कर्ष होता.

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की हाच युक्तिवाद वेगळ्या वेशात ऐकू येतो. “डोक्यावर टोप आला की पोरं जास्तच पळवतात.” आता हे बिनबुडाचं आहे का? नाही. तर्क दोन बाण दाखवतो, एक खाली जाणारा आणि एक वर जाणारा. हेल्मेटने अपघातातला मृत्यू टळतो, बेफिकिरीने अपघात वाढतो. दोन्ही बाण खरे असू शकतात. पण बेरीज कोणत्या बाजूला झुकते, ते आरामखुर्चीत बसून कळत नाही.

आपण जरा आकडे मानून बघू. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा १०० अपघातांत हेल्मेटशिवाय १० चालक दगावतात आणि हेल्मेटने ते ५ वर येतात. मग हेल्मेटचा सगळा फायदा पुसून टाकायला अपघात किती व्हावे लागतील? २००. म्हणजे हेल्मेट घातल्याबरोबर लोकांचे अपघात दुप्पट व्हायला हवेत. पादचाऱ्यांचा हिशेब त्यात धरला तर दुपटीच्या आधीच पारडं फिरेल, हेही कबूल. तरीसुद्धा प्रश्न आता ‘बेफिकिरी वाढते का’ असा राहिला नाही, ‘किती वाढते’ असा झाला. आणि ‘किती’चं उत्तर मोजूनच मिळतं.

ते मोजलंही गेलं. अल्मा कोहेन आणि लिरान आयनाव यांनी अमेरिकेतल्या राज्याराज्यांची आकडेवारी घेऊन २००३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. सीटबेल्टच्या कायद्यांनी एकूण मृत्यू घटतात आणि बेफिकिरी वाढल्याचा ठोस पुरावा दिसत नाही, असं त्यांना आढळलं. गंमत म्हणजे कायद्यांचा फायदा सरकारी अंदाजापेक्षा कमी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे कायद्याच्या भक्तांनाही थोडी चपराक बसली. खरा हिशेब असाच असतो, तो कुणालाच पुरता खूश करत नाही.

तेव्हा पहिला धडा असा. तर्क दिशा दाखवतो, अंतर सांगत नाही. ‘उलट परिणाम होतो’ हे वाक्य ऐकायला हुशार वाटतं, म्हणून ते खरं ठरत नाही.

दुसरी खूण थेट मुख्य सूत्रावर. लाभ-तोटा बदलला की वागणं बदलतं, कबूल. पण लाभ-तोटा बदलताना दुसरंही काही बदललं तर?

इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबावं लागे. पहिले काही आठवडे फक्त नोंद ठेवली. मग काही पाळणाघरांत दंड लावला : दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल. सूत्राप्रमाणे उशीर घटायला हवा होता. तो वाढला, आणि पुढे जवळपास दुपटीवर गेला. मग दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही.

झालं काय? दंडाआधी उशीर म्हणजे बाईंना ताटकळत ठेवणं, म्हणजे मनाला लागणारी गोष्ट. दंडानंतर उशीर ही विकत मिळणारी सेवा झाली. पैसे दिले, विषय संपला. आमच्या सोसायटीतही हे घडलं. सामुदायिक साफसफाईला न येणाऱ्याला शंभर रुपये दंड असा ठराव झाला. त्याआधी न येणारे जिन्यात नजर चुकवायचे. ठरावानंतर त्यातले एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि प्रसन्नपणे म्हणाले, “वर्षाचे एकदम घेऊन टाका, सर.”

यावर अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, दंड फार कमी होता. हजार लावा, बघा कसे वेळेवर येतात. बरोबर आहे, येतील. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की शून्य दंडाला जेवढे उशीर होते, त्याहून जास्त उशीर दहाच्या दंडाला झाले. नुसत्या किमतीकडे बघणाऱ्या सिद्धान्तात हे बसत नाही. त्यासाठी ‘त्या माणसाला ती गोष्ट काय वाटते’ हे विचारात घ्यावं लागतं.

हा प्रयोग पुस्तकानंतरचा, तेव्हा लेखकाला तो माहीत नव्हता हा दोष आम्ही देणार नाही. पण प्रश्न जुना होता. १९७० साली रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानावरच्या पुस्तकात मांडलं होतं की रक्त विकत घेऊ लागलात तर देणाऱ्यांची भावनाच आटेल. त्यावर १९७२ मध्ये केनेथ ॲरो या थोर अर्थशास्त्रज्ञांनी सरळ विचारलं : बाजार हा एक जादा पर्याय आहे, ज्याला फुकट द्यायचं त्याने खुशाल द्यावं, त्याचं काय बिघडतं? प्रश्न चोख होता. हैफाच्या पाळणाघरांनी त्याचं थोडंफार उत्तर दिलं. जादा पर्याय आला की जुना पर्याय जुना राहत नाही, त्याचा अर्थ पालटतो. आपल्याकडे गावोगाव रक्तदान शिबिरं भरतात. तिथे बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र देतात, ते कुणी मोबदला म्हणून घेत नाही. त्याच टेबलावर पाचशेची नोट ठेवा, रांग कदाचित लांबेल, पण ती रांग वेगळ्या माणसांची असेल.

तिसरी खूण सगळ्यात खोल आहे आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

रोनाल्ड कोस यांचा १९६०चा प्रसिद्ध निबंध या पुस्तकात छान समजावला आहे. रेल्वेच्या ठिणग्यांनी शेत जळतं. आपण म्हणतो, दोष रेल्वेचा. कोस म्हणतात, थांबा. रेल्वे नसती तर नुकसान नसतं, तसं रुळालगत पीक नसतं तरीही नुकसान नसतं. नुकसान दोघांच्या शेजारातून होतं. दोघांना विनाखर्च वाटाघाट करता आली, तर हक्क कुणाचाही असो, शेवटी स्वस्तातला उपायच निवडला जाईल. फक्त पैसे कोण कुणाला देणार, एवढंच बदलेल. गल्लीतला मांडव, त्यातला ध्वनिक्षेपक आणि समोरच्या घरात बारावीचा अभ्यास करणारी मुलगी यांना हे लावून बघा. विचाराला चालना मिळते, यात शंका नाही. पण ती मुलगी कुणाशी वाटाघाट करणार? मंडळाच्या दीडशे कार्यकर्त्यांशी? वाटाघाटीला खर्च येतो, किंबहुना तिथेच सगळं अडतं, हे कोस स्वतःच बजावून सांगतात. त्यांच्या नावाने बोलणारे पुष्कळदा तेवढंच विसरतात.

त्याहून मोठा प्रश्न ‘कार्यक्षमता’ या शब्दाचा. या पद्धतीत एखादी गोष्ट कुणाकडे जावी? जो तिच्यासाठी जास्त मोजायला तयार आहे, त्याच्याकडे. आता एक टँकर घ्या. बंगल्यांची सोसायटी त्याला २,००० रुपये देते. टेकडीमागची वस्ती कशीबशी ३०० गोळा करते. हिशेब म्हणतो, टँकर सोसायटीला गेला तर समाजाचा फायदा १,७०० रुपयांनी जास्त. पण इथे मोजलं काय? तहान मोजली की खिसा? ‘द्यायची तयारी’ या एका आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : गरज किती आणि ऐपत किती. वस्तीचे ३०० रुपये म्हणजे दोघातिघांची दिवसाची चूल असेल, सोसायटीचे २,००० म्हणजे एका संध्याकाळचं हॉटेल. रुपयाला रुपया मोजणं ही तटस्थता दिसते. प्रत्यक्षात तो एक नैतिक निर्णय आहे. तो निर्णय समर्थनीय असूही शकेल. पण त्याचं समर्थन द्यावं लागेल, आणि ते गणितातून येणार नाही.

अर्थशास्त्रज्ञांना हे कळत नाही असं मुळीच नाही. गरिबाच्या रुपयाला जास्त वजन द्यावं का, यावर त्यांच्यातच मोठा वाद आहे. या पुस्तकातही न्यायाच्या निकषांवर चर्चा आहे. पण चर्चा एका प्रकरणात होते आणि पुढच्या प्रकरणात तराजू पुन्हा तोच येतो.

याचं टोक शेवटच्या प्रकरणात दिसतं. ‘मी पर्यावरणवादी का नाही’ हा त्याचा विषय. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : कुणाला रान आवडतं, कुणाला गाड्या लावायला जागा हवी असते. या दोन आवडी आहेत. एक आवड पवित्र आणि दुसरी पापी, हे कुणी ठरवलं? त्यांच्या लहान मुलीला शाळेत पर्यावरणाचे पाठ धर्मासारखे पढवले गेले, याचा रागही त्यात आहे. तो राग आम्हाला समजतो. मुलांना प्रश्न न विचारता काहीही पढवू नये, मग ते कितीही चांगलं असो.

पण युक्तिवाद तपासू. “मला आंबा आवडतो” ही आवड आहे. “ही टेकडी फोडली तर खालच्या विहिरी आटतील” हे विधान आहे. ते खरं असेल किंवा खोटं, त्याला पुरावा मागता येतो. “पुढच्या पिढीला आज मत देता येत नाही, म्हणून तिचा वाटा संपवण्याचा हक्क आपल्याला नाही” ही आवड नव्हे, कारण आहे. त्याला प्रतिकारण देता येतं. या तिघांना एकाच पेटीत टाकून वर ‘आवडी’ अशी चिठ्ठी लावली, की वाद जिंकल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो सुरूच झालेला नसतो. आणि हीच चिठ्ठी लावायची तर ‘कार्यक्षमता चांगली’ यावरही लावावी लागेल. तीही मग लँड्सबर्ग यांची एक आवडच ठरते. तर्काची कात्री दुसऱ्याच्या कापडावर चालवायची आणि स्वतःचं कापड घडी घालून ठेवायचं, हे गणित्याला शोभत नाही.

मग काय, हिशेब सोडून द्यायचा? मुळीच नाही. आपल्याच मातीतली दोन उदाहरणं सांगतो.

गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिलं. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार शिलकीचा डौल मिरवत होतं, आणि देश नुकताच भीषण दुष्काळातून बाहेर आला होता. गोखल्यांनी शिल्लक उलगडून दाखवली. १८९३ मध्ये टाकसाळी बंद करून रुपयाचा भाव चढवला, तो पुढे १६ पेन्सवर आला. त्यामुळे इंग्लंडला पाठवायच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले. पण रुपया स्वस्त असताना वाढवलेले कर तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, ती लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेली रक्कम आहे. घोषणा नाही, अश्रू नाहीत, फक्त वजाबाकी. सभागृह ऐकत राहिलं.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांच्या १९१८च्या निबंधाचं. शेतीचे तुकडे फार लहान, ते एकत्र करा, मोठे करा, असा तेव्हा सगळीकडे सूर होता. आंबेडकरांनी विचारलं, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? जमिनीचा आकार एकटा काही सांगत नाही. बैल, अवजारं, भांडवल, माणसं यांच्याशी त्याचं प्रमाण बघावं लागतं. अवजारं इतकी तोकडी असताना, त्या मानाने आहेत ती शेतंसुद्धा मोठीच म्हणायला हवीत! जमिनीवर जादा माणसांचा भार आहे. तो उचलायला उद्योगधंदे हवेत, नुसते बांध पुसून भागणार नाही. बघा, उलटं वाटणारं अनुमान इथेही आहे, चमकही आहे. लँड्सबर्गना आवडावा असाच हा युक्तिवाद. फरक कुठे? बांध पुसल्यावर जे मोकळे पडतील, ती माणसं जातील कुठे, हा प्रश्न आंबेडकरांच्या हिशेबात पहिल्या ओळीपासून आहे. त्यांच्या बेरजेत माणूस हातचा म्हणून विसरला जात नाही.

तेव्हा कुणी चमकदार हिशेब मांडला, मग तो पुस्तकात असो, वाहिनीवर असो की फोनवर आलेला असो, तर तीन गोष्टी विचारा. दिशा सांगितली, पण किती ते मोजलं का? किंमत लावल्याने त्या गोष्टीचा अर्थच बदलला का? आणि रुपया मोजला तो कुणाच्या खिशातला? हे प्रश्न हिशेबाच्या विरोधात नाहीत. हिशेब पुरा करण्यासाठी आहेत.

त्या तरुण मित्राला पुस्तक परत करताना आम्ही म्हणालो, “अजूनही उत्तर तेच आहे, ते अवलंबून आहे.” तो हसला. आम्ही म्हटलं, “पण आता कशावर, ते तुला लिहून देतो.” कागदावर हे तीन प्रश्न लिहून दिले. त्याने ते वाचले आणि विचारलं, “सर, या तिसऱ्या प्रश्नाला सूत्र आहे का?”

नाही. त्यासाठी आपल्याला एकमेकांशी बोलावं लागतं. म्हणून तर ही व्याख्यानं. आता तुमचे प्रश्न घेऊ.